हायलक्स ब्लॅक एडिशनसारखी पिकअप घेताय? शोरूमपासून पहिल्या चिखलापर्यंतची वाट

कार चालवणारा माणूस पहिल्यांदा पिकअप घेतो तेव्हा सुरुवातीला बराच गोंधळतो. आरटीओच्या दृष्टीने ती मोटार कार असते, टोलनाक्यावर तिला टेम्पो समजतात आणि सोसायटीचे सेक्रेटरी तिला ट्रक म्हणतात. मी या सगळ्यातून गेलो आहे. ओळखीपाळखीतून सतत तेच प्रश्न येतात, म्हणून घ्यायचं ठरवल्यापासून पहिल्या चिखलापर्यंतचं सगळं इथे क्रमाने लिहितो आहे.

उदाहरणासाठी टोयोटा हायलक्सची ब्लॅक एडिशन घेतली आहे. हायलक्स आपल्याकडे २०२२ मध्ये आली. ब्लॅक एडिशन जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या भारत मोबिलिटी प्रदर्शनात दिसली आणि मार्चमध्ये ३७.९० लाख रुपये एक्स-शोरूम किमतीला बाजारात उतरली. त्याच्या कितीतरी आधी, २०१६ पासून, इसुझूची व्ही-क्रॉस आपल्या रस्त्यांवर आहे. आंध्रातल्या श्रीसिटीच्या कारखान्यात बनणारी ही गाडी हायलक्सपेक्षा बरीच स्वस्त पडते. खालचं बहुतेक सगळं तिलाही लागू आहे.

१. आधी काळा रंग बाजूला ठेवा

विशेष आवृत्तीचं आकर्षण काय असतं? काळी जाळी, काळे १८ इंची अलॉय, चाकांच्या कमानींवर काळी पट्टी, काळे आरसे, काळी हँडल. गाडी डोंगरातून आत्ताच उतरली आहे असं वाटावं, अशी ही सगळी मांडणी. मला ती आवडते, लपवत नाही. पण बॉनेटखाली आणि गाडीच्या पोटाखाली ब्लॅक एडिशन ही साध्या ऑटोमॅटिक हायलक्ससारखीच आहे. तेच २.८ लिटरचं डिझेल इंजिन, २०४ पीएस ताकद, ऑटोमॅटिकमध्ये ५०० न्यूटन मीटर टॉर्क, मागच्या चाकांचं इलेक्ट्रॉनिक डिफरन्शियल लॉक (एक चाक घसरलं तरी दोन्ही चाकं सारखीच फिरवणारी सोय), ७०० मिलिमीटरपर्यंत पाण्यातून जाण्याची क्षमता. गिअर स्वतः टाकायची हौस असेल तर ब्लॅक एडिशन तुमच्यासाठी नाही, ती फक्त ऑटोमॅटिक आणि फोर-बाय-फोरमध्येच, म्हणजे चारही चाकांना जोर देता येईल अशीच येते.

त्यामुळे स्वतःला एकच प्रश्न विचारा: ही गाडी पांढरी असती तर घेतली असती का? उत्तर ‘हो’ असेल तर पुढे वाचा. शेतावर, बागेत, साईटवर वर्षभर खराब रस्ता असेल, हौद्यात रोज काही ना काही टाकायचं असेल, किंवा तंबू-शेगडी घेऊन वरचेवर बाहेर पडणं होत असेल, तर पिकअपइतकं सुख दुसऱ्या गाडीत नाही. वर्षातून दोनदा कोकणात जाण्यापुरती हवी असेल तर त्याच पैशात बंद डिकीची एसयूव्ही घरच्यांना जास्त आवडेल.

२. टेप घ्या आणि पार्किंग मोजा

हे काम शोरूमला जाण्याच्या आधीचं. हायलक्सची लांबी ५,३२५ मिलिमीटर, रुंदी १,८५५ आणि उंची १,८१५. आपल्याकडच्या इमारतींमध्ये मोठ्या गाडीसाठीचा गाळा साधारण अडीच मीटर बाय पाच मीटर आखलेला असतो. म्हणजे गाडीचं नाक किंवा फाळका गाळ्याबाहेर फूटभर येणारच. समोरच्या गाडीला वळायला तेवढीच जागा लागत असेल तर रोजची कटकट ठरलेली.

यांत्रिक पार्किंग असेल तर आणखी जपून. त्या पाळण्यावर लांबी आणि वजनाची मर्यादा लिहिलेली पाटी असते. हायलक्स रिकामीच दोन टनांच्या वर जाते. पाटीचा फोटो काढून सोसायटीकडून लेखी विचारून घ्या. ‘बसेल हो’ या तोंडी उत्तरावर एवढी महाग गाडी बुक करू नका.

३. टेस्ट ड्राइव्हला घरच्या वडीलधाऱ्यांना न्या

सेल्समन तुम्हाला गुळगुळीत रस्त्यावरून एक चक्कर मारून आणेल. तेवढ्यावर समाधान मानू नका. तीन गोष्टी मागून घ्या. एक, खड्ड्यांचा रस्ता, हौदा रिकामा ठेवून. या गाडीच्या मागे स्प्रिंगचे लोखंडी पाटे आहेत, ते ओझ्यासाठी बनलेले आहेत. रिकामी असताना मागची बाजू उडते आणि ते मागच्या सीटवर सगळ्यात जास्त जाणवतं. दोन, तुमच्या गल्लीसारखी अरुंद गल्ली आणि तिथे रिव्हर्स. तीन, तुम्ही स्वतः अर्धा तास मागच्या सीटवर बसा.

गुडघे दुखणाऱ्या आईला किंवा आजीला एकदा चढवून-उतरवून बघा. पाय कुठे ठेवते, हात कुठे धरते, पाठ टेकल्यावर काय म्हणते. पिकअपच्या मागच्या सीटची पाठ सरळ असते, कारण तिच्या लगेच मागे हौद्याची भिंत येते. साताऱ्यापर्यंत काही वाटत नाही, कोल्हापूर गाठेपर्यंत कंबर बोलायला लागते.

४. ऑन-रोड किंमत स्वतः मांडा

कोटेशन हातात येण्याआधी स्वतः कागदावर आकडेमोड करा. जुन्या व्हिडिओंमधल्या किमती धरू नका, २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले आहेत. आजची एक्स-शोरूम किंमत लेखी घ्या.

त्यावर महाराष्ट्रात रोड टॅक्स. व्यक्तीच्या नावावरच्या, २० लाखांवरच्या डिझेल गाडीला १५ टक्के. गाडी कंपनीच्या नावावर घेतली तर २० टक्के. धंद्याच्या नावावर घेऊन घसारा मिळवायचा विचार असेल तर हा पाच टक्क्यांचा फरक सीएसमोर ठेवून हिशेब करा. दहा लाखांवरच्या गाडीला विक्रेता एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच घेतला जाणारा आगाऊ आयकर, वसूल करतो. तो खर्च नाही, आयकर विवरणपत्र भरताना तो तुमच्या करात वळता होतो. पण त्यासाठी पॅन नंबर बरोबर नोंदवलेला असायला हवा. बरेच जण हे पैसे विसरूनच जातात.

विम्यात थर्ड पार्टी तीन वर्षांचं घ्यावंच लागतं. त्यावर तुम्हाला दोन गोष्टी हव्यातच: झीरो डेप्रिसिएशन (दाव्यात सुट्या भागांचा घसारा न कापणारं कव्हर) आणि इंजिन प्रोटेक्शन. इंजिनात पाणी ओढलं गेलं तर साध्या पॉलिसीत दावा अडतो, आणि तुम्ही ही गाडी घेताय तीच मुळी ओढे ओलांडायला. शर्यती आणि स्पर्धांमधलं नुकसान पॉलिसीत येत नाही, तेही वाचून घ्या. विमा शोरूमकडूनच घेतला पाहिजे अशी सक्ती कुणी केली तर ती मानू नका, बाहेरून दोन कोटेशन आणून दाखवा. तसंच अ‍ॅक्सेसरीजच्या ‘पॅकेज’चं. यादीतल्या प्रत्येक वस्तूवर बोट ठेवून किंमत विचारा, नको ती खोडा.

लागणारी कागदपत्रं:

- पॅन, आधार, पत्त्याचा पुरावा, फोटो
- कर्ज असेल तर बँकेचं मंजुरीपत्र आणि फॉर्म ३४
- फॉर्म २० (नोंदणीचा अर्ज), फॉर्म २१ (विक्रीचा दाखला), फॉर्म २२ (गाडी रस्त्यायोग्य असल्याचा कारखान्याचा दाखला). हे विक्रेता तयार करतो, सही करण्याआधी चेसिस नंबर जुळवून बघा.
- विमा पॉलिसीची प्रत
- जुनी गाडी बदलून देत असाल तर तिचं आरसी, विमा आणि कर्ज फिटल्याचं बँकेचं पत्र

५. आरसी आणि फास्टॅग: नवखे इथे हमखास अडकतात

हायलक्स आणि व्ही-क्रॉस या खासगी गाड्या म्हणून नोंदल्या जातात, पांढरी पाटी, काळे आकडे. इसुझूचीच एस-कॅब मात्र मालवाहू म्हणून नोंदली जाते: पिवळी पाटी, फिटनेस, वेगळा विमा, वेगळे नियम. सेकंडहँड बाजारात ‘चार दारांची इसुझू, एकदम स्वस्त’ अशी जाहिरात दिसली तर आधी पाटीचा रंग बघा. उलट बाजूही तितकीच खरी. खासगी नोंदणीच्या पिकअपमधून भाड्याने माल वाहता येत नाही. घरचे आंबे, घरचं फर्निचर ठीक, पण दुसऱ्याचा माल पैसे घेऊन नेला तर परवान्याचा आणि विम्याचा, दोन्हीकडून प्रश्न उभा राहतो.

आरसी हातात आली की वाहनाचा वर्ग वाचा. तिथे मोटार कार असायला हवं. मग फास्टॅग. टॅग देताना गाडी कार-जीप-व्हॅनच्या वर्गात, म्हणजे वर्ग ४ मध्ये टाकलेली आहे ना, हे बँकेच्या अ‍ॅपमध्ये तपासा. हौदा बघून हलक्या मालवाहू गाडीचा वर्ग लावला गेला तर प्रत्येक नाक्यावर जास्तीचे पैसे जात राहतात, आणि १५ ऑगस्ट २०२५ पासून तीन हजार रुपयांत सुरू झालेला वार्षिक पासही मिळत नाही, तो फक्त खासगी कार, जीप, व्हॅनसाठी आहे. हा पास राष्ट्रीय महामार्गांसाठी आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर किंवा समृद्धीवर तो चालत नाही. नाक्यावर वाद झाला तर आवाज चढवू नका, आरसीची प्रत दाखवा. ती ग्लोव्ह बॉक्समध्ये कायम असू द्या.

६. ताबा घेण्याआधी गाडी उन्हात बघा

काळी गाडी शोरूमच्या दिव्यांखाली नेहमीच देखणी दिसते. नोंदणी होण्याआधी ती उन्हात बाहेर काढायला लावा. पॉलिशच्या गोल रेघा, दाराच्या कडांचे ओरखडे, अलॉयच्या काठाचे टवके उन्हातच दिसतात. चेसिस नंबर चौकटीवर आणि कागदावर एकच आहे ना बघा. टायरच्या बाजूला चार आकड्यांचा कोड असतो, पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. पाचही टायर तपासा, पाचवा म्हणजे हौद्याखाली टांगलेली स्टेपनी. ती खाली उतरवून दाखवायला सांगा आणि उतरवण्याचा दांडा कुठे ठेवला आहे ते शिकून घ्या. रात्री पावसात घाटात हे शिकण्याची वेळ येऊ नये.

७. सजवायची घाई नको

पहिले काही महिने गाडीवर काहीही लावू नका. हे वाक्य पटायला जड जातं, कारण ब्लॅक एडिशन घेणाऱ्याच्या डोळ्यांसमोर छतावर तंबू, पुढे लोखंडी गार्ड आणि कपाळावर दिव्यांची माळ असंच चित्र असतं. पण बऱ्याच गोष्टी एकतर बेकायदा आहेत किंवा निरुपयोगी.

पुढचा लोखंडी बुलबार लावू नका. केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवून त्यावर कारवाई करायला सांगितलं होतं. कारण साधं आहे: धडक बसली की चालणाऱ्याला तो जास्त इजा करतो, आणि एअरबॅगच्या सेन्सरपर्यंत धक्का जसा पोहोचायला हवा तसा पोहोचत नाही. गाडीची मूळ रचना बदलणारे फेरफार मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. उंची वाढवणं, खूप मोठे टायर बसवणं या गोष्टी आरटीओ, विमा आणि वॉरंटी अशा तिन्ही ठिकाणी नडतात. काळ्या गाडीला काळी काच शोभते म्हणून गडद फिल्म लावली जाते. मर्यादा मात्र ठरलेली आहे: पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आत आला पाहिजे. जादा दिवे लावलेच तर सार्वजनिक रस्त्यावर ते झाकून आणि बंद ठेवा. घाटात समोरच्याच्या डोळ्यांत गेलेला तो उजेड कुणाचा तरी जीव घेऊ शकतो.

मग पैसे कुठे घालायचे? माझ्या मते या क्रमाने.

पहिला पैसा टायरवर. टायरच्या बाजूला एच-टी लिहिलं असेल तर तो मुख्यतः डांबरी रस्त्याचा आहे. त्याच मापाचा, तेवढंच ओझं पेलणारा ए-टी, म्हणजे डांबर आणि माती दोन्हीसाठीचा, टायर घेतला की गाडीचा स्वभाव बदलतो. माप तेच ठेवल्यामुळे आरटीओचाही प्रश्न येत नाही. दुसरा पैसा हौद्याचं अस्तर आणि त्यावरचं झाकण यावर. उघड्या हौद्यातली बॅग ढाब्यावर जेवून येईपर्यंत जाते, आणि पावसात भिजते ती वेगळीच. तिसरा, दारांच्या खालच्या अर्ध्या भागावर आणि कमानींवर पारदर्शक फिल्म. सह्याद्रीतल्या गाडीवाटांवर दोन्ही बाजूंनी करवंदीच्या जाळ्या असतात. त्यांचे काटे चकचकीत काळ्या रंगावर अशा रेघा ओढतात की पहिल्याच फेरीनंतर मन उदास होतं. ब्लॅक एडिशनला पांढऱ्या गाडीपेक्षा हा खर्च जास्त गरजेचा आहे.

छतावरचा किंवा हौद्यावरचा तंबू सगळ्यात शेवटी. तो साधारण ५० ते ७० किलोचा असतो आणि तेवढं वजन वर चढलं की वळणावर गाडी जास्त झुकते. गाडीचं रिकामं वजन आणि परवानगी असलेलं एकूण वजन यांची वजाबाकी करा, त्यातून माणसांचं वजन काढा. उरेल त्यात कॅनॉपी (हौद्यावरचं बंद छत), तंबू, पाणी, शेगडी सगळं बसलं पाहिजे.

८. गाडीत कायम असावं असं सामान

- हवेचा दाब मोजायचा गेज आणि बॅटरीवर चालणारा कॉम्प्रेसर
- रुतलेली गाडी ओढायचा लवचिक रिकव्हरी दोर आणि त्याला साजेशा क्षमतेचे दोन शॅकल (दोर अडकवायच्या कड्या)
- चिखलात चाकाखाली घालायच्या दोन पाट्या
- छोटं फावडं, कोयता, चामड्याचे हातमोजे
- जॅकखाली ठेवायला जाड लाकडी फळी, नाहीतर मऊ जमिनीत जॅकच खाली जातो
- टॉर्च, प्रथमोपचार पेटी, दहा लिटर पाणी

डिझेलचे कॅन बरोबर नेण्याची गरज नाही. हायलक्सची टाकी ८० लिटरची आहे, आपल्या भागात तेवढं पुरून उरतं.

९. एच-टू, एच-फोर, एल-फोर

डॅशबोर्डवरचा हा गोल खटका तुम्ही वापरायला शिकला नाहीत तर फोर-बाय-फोरसाठी दिलेले पैसे वाया गेले असं समजा. म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो.

एच-टू म्हणजे फक्त मागची चाकं ओढतात. रोजचा डांबरी रस्ता, महामार्ग, कोरडा घाट, सगळं यातच. एच-फोरमध्ये चारही चाकं ओढतात: मुरुमाचा रस्ता, ओलं गवत, चिखलाळ वाट. एल-फोरमध्येही चारही चाकं, पण गती अगदी कमी आणि जोर कितीतरी जास्त: खडी चढण, तीव्र उतार, दगडगोटे, रुतलेली गाडी बाहेर काढणं. एच-टूमधून एच-फोरमध्ये गाडी चालू असताना जाता येतं, फक्त चाकं सरळ ठेवा आणि वेग कमी असू द्या. एल-फोरसाठी गाडी पूर्ण थांबवा, न्यूट्रलमध्ये टाका, मग खटका फिरवा, दिवा लुकलुकायचा थांबला की निघा.

सगळ्यात महत्त्वाचं: कोरड्या डांबरावर किंवा काँक्रीटवर एच-फोर लावू नका. या गाडीत पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये फरक सांभाळणारं मधलं डिफरन्शियल नाही. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचं वर्तुळ कापतात. मातीत टायर थोडे घसरतात आणि ताण निघून जातो. डांबरावर ते घसरत नाहीत, मग सगळा ताण शाफ्ट आणि गिअरवर चढत जातो. स्टिअरिंग जड होतं, गाडी अडखळत वळते, आणि तसंच चालवत राहिलात तर मोठा खर्च येतो.

पावसातल्या घाटाबद्दल वेगळं सांगतो. हौदा रिकामा असताना मागच्या चाकांवर वजन कमी असतं, आणि ५०० न्यूटन मीटरचा जोर त्याच चाकांवर येतो. ओल्या वळणावर अ‍ॅक्सिलरेटर जोरात दाबला तर मागची बाजू बाहेर फेकली जाऊ शकते. पावसाळ्यात मी हौद्यात, मागच्या चाकांच्या वरच्या भागात, वाळूची दोन पोती बांधून ठेवतो. फरक लगेच जाणवतो आणि मागे बसलेल्यांची पाठही दुवा देते.

मागचं डिफरन्शियल लॉक हे शेवटचं हत्यार. एक चाक हवेत, दुसरं जमिनीवर, अशी वेळ आली की ते लावायचं, सरळ आणि हळू निघायचं, आणि बाहेर पडताच काढायचं. लावलेलं असताना कडक जमिनीवर वळू नका.

१०. टायरमधली हवा कमी करा

नवख्यांना ही गोष्ट उलटी वाटते, पण चिखल-वाळूत हिच्याइतका फायदा कशाचाच होत नाही, आणि ती फुकट आहे. हवा कमी केली की टायर पसरतो, त्याचा जमिनीवरचा ठसा लांब होतो आणि वजन जास्त जागेवर वाटलं जातं. दगडगोट्यांच्या कच्च्या वाटेवर २२-२५ पीएसआय, चिखलात २० च्या आसपास, मऊ वाळूत १८. पंधराच्या खाली जाऊ नका, टायर रिमवरून निसटतो. हवा कमी असताना वेग ताशी तीस-चाळीसच्या आत ठेवा, झटकन वळू नका. डांबरावर येण्याआधी कॉम्प्रेसर काढा आणि दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या आकड्यापर्यंत हवा भरा. चार टायरना वेळ लागतो, तेवढ्यात चहा होतो.

११. पहिला सराव आणि पहिली रुतलेली गाडी

पहिला सराव ओळखीच्या शेतात करा, मालकाला विचारून, पीक निघालेलं असताना. कमीत कमी दोन गाड्या, एकटं नाही. प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली ट्रॅकवर एक दिवस घालवता आला तर फार उत्तम. अवघड जागा आली की आधी खाली उतरा आणि चालत बघून या. कुठला दगड पोटाला लागेल, कुठल्या चरात चाक जाईल. पुढे एकाने उभं राहून हाताने दिशा दाखवायची, आणि ती एकानेच. पाच जण पाच दिशा ओरडून सांगतात तेव्हा गाडी हमखास आपटते. हायलक्सची मागची बाजू लांब आहे, चर ओलांडताना पुढचं सुखरूप गेलं तरी मागचा बंपर टेकतो हे लक्षात ठेवा.

आता रुतलात असं समजा. चाक जागेवर फिरायला लागलं की पाय काढा. प्रत्येक सेकंदाला तुम्ही खड्डा खोल करत असता. उतरा, पोट जमिनीला टेकलं आहे का वाकून बघा. टेकलं असेल तर आधी फावड्याने खालची माती मोकळी करा, कारण चाकांवर वजनच नसेल तर बाकी सगळे उपाय फुकट. मग हवा कमी करा. चाकांपुढे उतार खणा, पाट्या घाला. एल-फोर लावा आणि अगदी हलक्या पायाने बाहेर या. आलात त्याच वाटेने मागे जाणं बहुतेक वेळा सोपं असतं.

तरीही निघाली नाही तर दुसरी गाडी किंवा गावातला ट्रॅक्टर. इथे घाई जीवावर बेतते. दोर कुठे अडकवायचा हे घरूनच शिकून या: सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी लिफ्टवर असताना ओढण्याचे बिंदू दाखवायला सांगा. टो बॉल (ट्रेलर जोडायचा गोळा), बंपर, पाटे, स्टिअरिंगचे दांडे यांना दोर कधीच लावू नका. ताणलेला दोर सुटला तर त्याच्या टोकाचं लोखंड गोळीसारखं येतं. दोराच्या मधोमध ओलं पोतं टाका, बघ्यांना दोराच्या लांबीच्या दीडपट लांब उभं करा, आणि मुलांना गाडीत बसवू नका, तीही दूरच. लवचिक दोर आणि साधं टोचन यात फरक आहे: लवचिक दोराने दुसरी गाडी थोडी धाव घेऊन ओढू शकते, न ताणणाऱ्या टोचनाला झटका दिला तर काहीतरी तुटणारच. ट्रॅक्टरवाल्या दादांना हे आधी समजावून सांगा, ‘हळूहळू ताणा, हिसका नको’. आणि काम झाल्यावर त्यांचा वेळ, त्यांचं डिझेल, बांधाचं झालेलं नुकसान, सगळं भरून द्या.

१२. पाणी

७०० मिलिमीटर हा आकडा साठलेल्या पाण्याचा आहे, वाहत्या पाण्याचा नाही. गुडघ्याएवढा जोरात वाहणारा ओढाही गाडीला बाजूला ढकलतो. नियम साधा: ज्या पाण्यातून तुम्ही काठी टेकत चालत जाऊ शकत नाही, त्यातून गाडी घालायची नाही. गढूळ पाण्याखालचा साकव वाहून गेला आहे की नाही, हे काठावरून कळत नाही. जायचंच असेल तर एल-फोर, एकसारखा कमी वेग, मध्ये थांबायचं नाही. इंजिन पाण्यात बंद पडलं तर पुन्हा सुरू करायचा प्रयत्न करू नका, आत पाणी गेलं असेल तर त्या एका चावीने इंजिन संपतं. बाहेर आल्यावर ब्रेक दोन-चारदा हलके दाबून वाळवा.

१३. जिथे गाडी न्यायची नाही

गाडी जाऊ शकते म्हणून ती न्यावी असं नाही, आणि हा मुद्दा मला मनापासून महत्त्वाचा वाटतो. वनजमिनीवर परवानगीशिवाय गाडी घालणं हा गुन्हा आहे. कासच्या पठारावर चाकाखाली जे चिरडतं ते पुढच्या वर्षी उगवेलच असं नाही, मातीचा थर तिथे फार पातळ आहे. गोव्यात किनाऱ्यावर गाडी चालवायला बंदी आहे, आणि आपल्याकडेही किनाऱ्यांवर वाहनं नेली की पोलीस गुन्हे नोंदवतात. शिवाय भरती कुणासाठी थांबत नाही.

सगळ्यात जास्त सांगावंसं वाटतं ते कोकणातल्या सड्यांबद्दल, म्हणजे उघड्या खडकाळ पठारांबद्दल. रत्नागिरी-राजापूरकडचा जांभ्याचा उघडा सडा बघितला की ऑफ-रोडिंगला याहून छान जागा कुठली, असं वाटतं. त्याच जांभ्यात कातळशिल्पं कोरलेली आहेत. उक्षी, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे, जांभरुण अशी ठिकाणं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. बऱ्याच शिल्पांना कुंपण नाही, पाटी नाही, आणि पावसाळ्यात गवताखाली ती दिसतही नाहीत. दोन टनांच्या गाडीचं चाक त्यावरून एकदा गेलं की काठ तुटतो. सड्यावर गाडी रस्त्यावरच ठेवा आणि चालत जा.

आणि एक घरगुती गोष्ट: हौद्यात माणसं बसवू नका. गणपती आणताना, जत्रेला जाताना पोरं हट्ट करतात. विम्यात ती माणसं येत नाहीत, आणि एका खड्ड्यात उडून पडायला क्षण पुरतो. मूर्ती हौद्यात, माणसं सीटवर.

१४. घरी आल्यावर

गाडी त्याच दिवशी खालून धुवा, विशेषतः किनाऱ्याकडून आला असाल तर. स्प्रिंगच्या पाट्यांच्या थरांमध्ये, स्टेपनीच्या वर आणि चौकटीच्या पोकळीत चिखल साचून राहतो, आणि गंज तिथूनच सुरू होतो. रिमच्या आतल्या बाजूचा वाळलेला चिखल काढला नाही तर महामार्गावर स्टिअरिंग थरथरतं आणि लोक उगाच अलाइनमेंटवर पैसे घालतात. काळ्या रंगावरचा चिखल कोरड्या फडक्याने पुसू नका. आधी भरपूर पाणी मारून तो मऊ करून वाहून जाऊ द्या, मग मऊ स्पंजने धुवा.

खोल पाण्यातून आला असाल तर पुढच्या-मागच्या डिफरन्शियलचं तेल तपासून घ्या. दुधासारखं दिसलं तर आत पाणी गेलं आहे, लगेच बदला. आणि बीएस-६ डिझेलमधला धुराचा फिल्टर, डीपीएफ, हळू चालण्याने काजळीने भरतो. दिवसभर एल-फोरमध्ये रांगून आलात की परतीच्या वाटेवर अर्धा तास महामार्गावर एकसारख्या वेगाने गाडी चालवा, म्हणजे काजळी जळून जाते. फिल्टरचा दिवा लागला तर माहितीपुस्तिकेत दिलेली पद्धत वापरा, आणि दिवा तसाच ठेवून पुढच्या सहलीला निघू नका.